धनुष्यातलं भूत

खारूताई,

शाळेतून आलीस की आधी जेव, मग हे वाच. (आधीच वाचणार, माहितेय मला.) मी रविवारपर्यंत तुझ्या आत्याकडे चाललोय. रुसून नव्हे.

काल चौकटीवर ताणलेल्या कागदातून मी बाण सोडला, तर भोक अगदी गोल पडलं. लगेच तू सोडलास, तर कागद डावीकडे बोटभर फाटला. तू वैतागून म्हणालीस, "आजोबा, या धनुष्यात भूत शिरलंय!"

ते भूत मीच गं. बाण जिच्यावर टेकतो ती रेस्ट तू रोज संध्याकाळी बरोबर लावतेस, आणि मी सकाळी "पोरीचं चुकलंय" म्हणत गुपचूप माझ्या हाताप्रमाणे सरकवून ठेवतो. आठवडाभर हेच चाललंय. परवा तू स्वतःला ढ म्हणत रडलीस, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. चुकलो.

रविवारच्या निवड चाचणीत बाण तू सोडणार आहेस, मी नाही. तेव्हा धनुष्य तुझ्याच हाताला जुळायला हवं. स्क्रूच्या सगळ्या चाव्या तुझ्या टेबलावर ठेवल्यात. रेस्ट केसभरच सरकव, तीन बाण सोडून कागद बघ, मगच पुन्हा हात लाव. आणि बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडू नकोस, धनुष्य तडकेल.

आई म्हणेल, "फोन करून आजोबांना विचार." अजिबात विचारू नकोस. तुला येतंय.

घरी थांबलो असतो तर माझे हात शिवशिवले असते. रविवारी मैदानावर येईन, दोन्ही हात खिशात घालून.

आजोबा