तांदूळ निवडणारी बाई

२४ ऑक्टो. ८७, शनि.
भाऊबीज. दादा, वहिनी आणि त्यांचा बंटी पुण्याहून आले. ओवाळलं. साडीचा रंग नेहमीसारखा चुकलेला. सासूबाईंना भाऊ नाही. त्यांनी संध्याकाळी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं, दरवर्षीसारखं. दादा म्हणतो, "भिवंडीत लूम सोडून बघण्यासारखं आहे काय?" उद्या दाखवतेच.

२५ ऑक्टो., रवि.
भाड्याने मॅटॅडोर केली. सकाळी लोनाडची लेणी, पडघ्याला मिसळ, उन्हं उतरताना खाडीवरचा जुना दगडी पूल. पुलापाशी सासूबाई गाडीतून उतरल्या नाहीत. गुडघे दुखत असतील म्हणून आग्रह केला नाही.
पुलावर माझ्या अंगातच आलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलेली गोष्ट सांगितली. खांब टिकेना, पूल माणूस मागत होता, शेवटी गावातल्या एका बाईने तांदळाच्या पोत्यासाठी स्वतःचं पोर दिलं. वहिनीने तोंडावर हात धरला, तसा मला आणखी चेव आला. "आणि बाई काय करत होती? ओटीवर बसून तेच तांदूळ निवडत होती!" हे माझ्या पदरचं. दादा हसला, म्हणाला काय रंगवतेस गं.
गाडी मागेच उभी होती. काचा खाली.
सासूबाई रात्री जेवल्या नाहीत.

२६ ऑक्टो., सोम.
पाहुणे गेले, मग ह्यांनी सांगितलं. ते पोर म्हणजे सासूबाईंचा थोरला भाऊ. पुलाचं काम चालू असताना खेळता खेळता खाडीत पडला, सापडलाच नाही. सासूबाई त्यानंतरच्या. गावाने मात्र उठवलं की आईनेच दिला. बारशाला त्या माउलीला कोणी बोलवत नसे, बाळावर सावली नको म्हणून.
"मला आधी का नाही सांगितलंत?"
"आईसमोर कोणी तो विषय काढतच नाही."
मी काढला. तोही मजा म्हणून, पाहुण्यांसमोर मिरवायला. जिभेला हाड नाही माझ्या. धरणीने पोटात घ्यावं असं वाटतंय.

२८ ऑक्टो., बुध.
दोन दिवस त्यांच्यासमोर जायची हिंमत नव्हती. त्या नेहमीसारख्याच वागतात, माझा चहा झाकून ठेवतात. त्याने जास्तच लाज वाटते. आज पाय धरले. "आई, चुकले." भाकरी थापत होत्या, हात थांबला नाही.
"माजी आय तांदूल न्हाय निवडायची. तो गेला तवापासून तिनं भात तोंडात घेतला न्हाय. मरंपर्यंत नाचनीची भाकर. तर गाव बोलला, बगा, पाप गिलवत न्हाय तिला."
तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "पन तू बोललीस ना पोरी, तसं गाव पन कदी बोलला न्हाय."
जेवताना भाताचा घास तोंडात फिरत राहिला.

३१ ऑक्टो., शनि.
दादाचं पत्र. बंटी सोसायटीत सगळ्यांना पुलाची गोष्ट सांगतो. तांदूळ निवडण्यापाशी पोरं ओरडतात म्हणे. वहिनीने खाली लिहिलंय, पुढच्या वेळी अजून एखादी सांगा.
सासूबाईंनी विचारलं, काय लिहिलंय? खोटं सांगणार होते. सगळं खुशाल, एवढंच. पण नाही सांगवलं. वाचून दाखवलं, तांदळासकट.
म्हणाल्या, "त्याला लिव. खरं काय ते लिव. पोराचं नाव घालून लिव."
"काय नाव होतं मामांचं?"
"हितं न्हाय. पुलावर सांगीन. ने मला उद्या."
जन्मात त्या पुलावर पाय ठेवला नाही बाईने. नातेवाइकांकडे जायचं तरी लांबून वळसा घालून.
आता फळीवरून ओवाळणीचं तबक काढून चिंचेने घासत बसल्यात. भाऊबीज तर कधीच होऊन गेली. मी वाती वळून दिल्या. पुलावर वारा असतो, निरांजन टिकेल की नाही कोण जाणे.
बंटीला पत्र लिहायला घेतलंय. नावापुरती जागा सोडली आहे.