दादाचा बेत

वहिनीबाईंच्या पायाशी (म्हणजे चौथीत माझी पाटी थुंकीनं पुसणाऱ्या आणि पुढं मीच हट्ट धरून आमच्या घरात आणलेल्या मैत्रिणीच्या पायाशी) धाकट्या नणंदेचा नमस्कार. कंबर वाकली तेवढाच केलाय, उरलेला तू मनानं वाकवून घे.

गुडघे कसे आहेत? डावाच कुरकुरतो की उजव्यालाही त्याचा नाद लागला? तेल लावतेस का नुसतं बाटलीकडं बघतेस? माझी तब्येत ठणठणीत आहे. नऊ दिवसांत अंगावर जरा मांसही आलंय. त्याचं कारण पुढं सांगते, घाई करू नकोस.

तुझं पत्र पोचलं. तू विचारलंस, तुमच्या भावाच्या खांद्याला झालंय तरी काय, ऐन सणाच्या सुट्टीच्या तोंडावर ‘नवीन शिलाई बंद’ अशी पाटी लावून माणूस बहिणीकडं मालीश करून घ्यायला जातो म्हणजे दुखणं मोठंच असणार. वहिनी, खांद्याला काही म्हणजे काही झालेलं नाही. आला त्या दिवशी मी विचारलं, कुठला दुखतो? तर उजवा दाखवला. चहा झाल्यावर परत विचारलं, तर डावा दाखवला. मी म्हटलं, दादा, दुखणं चालत चालत तिकडं गेलं का? तेव्हा कुठं खाली मान घालून म्हणाला, “ठके, मला एक बेत शिकव.” मला वाटलं कापडाचा. जन्मभर हा माणूस कापड बेतत आलाय, आता माझ्याकडून काय शिकणार! तर म्हणाला, “जेवणाचा.”

हो, बरोबर वाचलंस. तुझा नवरा माझ्याकडं स्वयंपाक शिकायला आलाय. गुरुवारी रात्री घरी परतायचं, शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी बारा वाजता तुला खुर्चीवर बसवायचं आणि स्वतः रांधलेलं ताट तुझ्यापुढं ठेवायचं, आणि तोवर तुला वास लागू द्यायचा नाही, असं त्याचं ठरलंय. कुणाला सांगणार नाही म्हणून मी त्याच्या मापाच्या टेपवर हात ठेवून शपथ घेतली होती. ती आत्ता मोडतेय, कारण तुझ्या पत्राची शेवटची ओळ. शुक्रवारी सकाळी नऊच्या गाडीनं लेकीकडं निघतेस म्हणे. अगं, मग बारा वाजता तो ताट वाढणार कुणाला, इस्त्रीला?

आणि ‘थोडे दिवस जाते’ असं लिहून त्याच्याच खाली शिवणाचा डबा बरोबर नेतेय असंही लिहिलंयस. थोड्या दिवसांसाठी कुणी शिवणाचा डबा नेतं का गं? मी सातवीपर्यंतच शिकले, पण एवढं वाचता येतं मला.

तुझा राग कशाचा आहे तेही मला कळलं. तू नाही सांगितलंस, त्यानंच सांगितलं. गेल्या वर्षी याच सुट्टीला तू दुपारी एकपर्यंत गिऱ्हाइकांच्या कपड्यांची काजं करत बसली होतीस, मग उठून स्वयंपाक केलास, बोटातलं शिवणाचं टोपण काढायचंही भान नव्हतं, आणि हा हात धुवून बसला नि ताटाकडं बघून म्हणाला, “एवढंच?” वर्ष झालं त्याला. तू नंतर काही बोलली नाहीस, नुसतं मीठ-पाण्यापुरतं बोलतेस. त्याला वाटलं विसरली असेल. मग तो इकडं यायच्या आदल्या दिवशी तू माळ्यावरची ट्रंक काढून पुसलीस. तेव्हापासून याची झोप उडालीय. मला म्हणाला, “एका शब्दात गं ठके, माझं सगळं कापड वाया गेलं.” मी त्याला चांगलं झापलं. अगदी तुझ्या वाटणीचंही झापलं. (तू नंतर परत झापलंस तरी चालेल, माझं मोफत होतं.)

तर आता प्रगती सांगते. पहिल्या दिवशी भात. मी आपली बोलण्याच्या ओघात म्हणाले, पाणी बेतानं घाल. माझं चुकलंच! त्यानं गळ्यातली टेप काढली आणि पातेल्याचं माप घ्यायला सुरुवात केली. घेर घेतला, उंची घेतली, वहीत लिहिलं, ‘पातेलं, कंबर सव्वीस, उंची सात.’ मग विचारतो, पाणी किती इंच? मी म्हटलं, तांदळाच्या वर बोटाचं एक पेर. “कुणाचं बोट?” म्हणाला. आता याला काय सांगायचं? त्यानं माझं बोट मोजलं, स्वतःचं मोजलं, दोन्हींत दोन सूत फरक निघाला, तेव्हा म्हणाला, “शिलाईत दोन सुतांनी गिऱ्हाईक तुटतं.” आणि सावधगिरी म्हणून आणखी दोन बोटं पाणी घातलं, मागाहून कमी करता येतं म्हणून! वहिनी, कापड कमी करता येतं, भातातलं पाणी कुठं कापणार? त्या दिवशी भाताची खळ झाली. दादा ती हातात घेऊन, बोटांनी चोळून बघून खूश झाला, म्हणाला, कॉलरला झकास लागेल.

दुसऱ्या दिवशी कांदा. कांद्यावर खडूनं रेघा मारल्या. मनात म्हटलं, धुवून निघतील. पण कांदा हातात फिरवत फिरवत मला विचारतो, याचा उभा धागा कुठला नि आडवा कुठला? आडवा कापला तर ताणला जाईल म्हणे. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच्याही आलं, पण त्याचं कांद्याचं होतं. निदान तो तसं म्हणाला.

पण एक सांगते, माणूस हटला नाही. खळ झाली तर दुसरं पातेलं. करपलं तर तिसरं. माझी सगळी भांडी घासून घासून इतकी पातळ झालीत की आरपार दिसेल. पाचव्या दिवशी भात मोकळा झाला, तेव्हा एकेक शीत उचलून बघत होता, जसा काही हा मोती जडवायच्या कामावर बसलाय. मी म्हटलं, झालं, भात-वरण आलं, पुरे. तर नाही. म्हणाला, ढोबळी मिरची भरून करायचीच.

ढोबळी मिरचीच का, ठाऊक आहे? अकरा वर्षांपूर्वी तुम्ही कुणा गिऱ्हाइकाच्या घरी जेवायला गेला होतात, तिथं भरली मिरची होती, आणि परत येताना वाटेत तू म्हणालीस, कुणी आयती करून घातली तर मी रोज खाईन. तू विसरली असशील. मीही असं शंभरदा बोलते नि विसरते. यानं ते धरून ठेवलं. (म्हणजे ऐकू येतं त्याला, वहिनी. आपण उगाच ओरडून बोलायचो.)

तर मिरचीचं देठाकडचं टोपण कापायचं, आत बटाटा नि कांदा भरायचा, टोपण परत बसवायचं, झाकण ठेवून शिजवायची. एवढं सोपं. पण उलटायला गेलं की टोपण सुटायचं नि सारण बाहेर. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा मी शेजारी साखर मागायला गेले आणि परत आले तर तुझा नवरा चुलीजवळ चष्मा लावून बसलेला, हातात सुई. बाही मुंढ्याला जोडतात तशी मिरची शिवून काढली होती त्यानं! सहाच्या सहा. आणि दोरा कुठला, तर हिरवा. रंग जुळवून घेतलेला.

मी म्हटलं, अरे, निदान कच्चा टाका तरी घालायचास, ओढला की निघेल असा. तर माझ्यावरच डोळे वटारून म्हणतो, “माझ्या दुकानातून कच्चं काम बाहेर जात नाही.”

चव बघायला आम्ही शेजारच्या घड्याळवाल्या आजोबांना बोलावलं. (बिचारे एकटे राहतात नि कवळी लावतात, त्यामुळं काहीही वाढलं तरी नाही म्हणत नाहीत.) त्यांनी पहिला घास घेतला. चावत बसले. चावत बसले. मग थांबले, खिशातून ते घड्याळं बघायचं भिंग काढून डोळ्याला लावलं, दुसऱ्या खिशातून चिमटा काढला, आणि स्वतःच्या तोंडातून दोरा ओढायला लागले. वीतभर निघाला. दीड वीत निघाला. कवळीला दोन वेढे बसले होते, ती हातात काढून सोडवावे लागले. शेवटी दोरा ताटाच्या कडेला गुंडाळून ठेवून शांतपणे म्हणाले, “स्प्रिंग सुटली होती.” आणि आपला दादा! माफी मागायची सोडून विचारतो, पण रंग दिसला नाही ना?

त्या दिवसापासून पांढरा दोरा, लांब टाके, आणि गाठीचं टोक बाहेर लोंबतं ठेवायचं, असा नियम केलाय. वाढण्याआधी सहा दोरे ओढून मोजायचे. काल सहाच्या सहा निघाले. आजोबांनी दोन मिरच्या खाल्ल्या नि भिंग खिशातच ठेवलं.

आता फक्त एक गोष्ट राहिलीय, आणि ती मला शिकवता येत नाही. मीठ. मी म्हणते चाखून बघ. तो चाखत नाही. म्हणतो, “गिऱ्हाइकाचे कपडे मी घालून बघतो का? ज्याचं माप त्याचं.” बरं म्हटलं, मग वहिनीचं माप काय? तिला मीठ जरा चढतं लागतं का उतरतं? वहिनी, तो हात पुसून उठला. वही उघडून बसला. तुझ्या ब्लाउजची तीस वर्षांची मापं त्याच्या तोंडात आहेत, कुठल्या वर्षी किती टिपा उसवल्या तेसुद्धा, पण तुझ्या मिठाचं माप त्या वहीत नव्हतं. चूल विझली तरी तो तसाच बसला होता. मला ठाऊक आहे तुझं मीठ. मी मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, तिला विचार. तर म्हणाला, विचारलं तर कळेल ना तिला.

आता थट्टा बाजूला ठेवून एक सांगते. आमच्या ड्रायव्हरसाहेबांनी (म्हणजे यांनी, देवानं त्यांना बरा रस्ता दिला असेल) सगळ्या संसारात एकदाच मला चहा करून दिला होता. मी तापानं पडले होते. एक घोट घेतला आणि माझ्या तोंडातून निघालं, साखर काय गाडीत विसरलात? ते हसले. मीही हसले. पण परत कधी त्यांनी चहा केला नाही. आता ते नाहीत, म्हणून सांगते, तो बिनसाखरेचा चहा मी मुकाट्यानं प्यायला हवा होता.

तेव्हा शुक्रवारी नऊची गाडी सोड. संध्याकाळी पाचला दुसरी आहे, मी विचारून ठेवलंय. ट्रंक भरून दारात ठेव, हवी तर वर बसून राहा, पण बाराला जेव. त्यानं ‘एवढंच?’ म्हटलं होतं, तू त्याच्या ताटाकडं बघून काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. दादाला मी नऊच्या गाडीचं सांगितलेलं नाही. सांगितलं तर पहाटे पाचला उठून घाई करील, आणि घाईत दोरे आत राहतील.

लेकीला आशीर्वाद, तिच्या मुलांचे गालगुच्चे घे.

तुझी नणंद,
ठकी

ता. क. तुला काही ठाऊक नाही असा चेहरा करायला आजपासून आरशापुढं सराव कर. तुला खोटं येत नाही, शाळेतही मार आपल्या दोघींना तुझ्यामुळंच बसायचा.

ता. क. दुसरा. खरं कारण आता लिहिते, वरचं सगळं उगाच. नऊ दिवस मी आयत्या ताटावर बसतेय. तो वाढतो, मी जेवते, वर तो विचारतो, आणखी हवं का? मला वाईट खोड लागलीय. तेव्हा संध्याकाळच्या गाडीनं तू गेलीसच, तर जाताना त्याला माझ्याकडं पाठवून दे, सुईदोऱ्यासकट. आणि नाही गेलीस, तर महिन्यातून एक रविवार तरी दोघं इकडं या. तू मीठ सांग, तो रांधेल, आजोबा नि मी खाऊ.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात दादा भाजी घेऊन आला. एवढं लांबलचक काय लिहितेस म्हणाला. म्हटलं, वहिनीच्या गुडघ्यांची चौकशी. तर दारातच उभा राहिला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि म्हणाला, “तिला लिही...” मी पेन उचलून वाट बघत बसले. मग म्हणाला, “राहू दे.” आणि आत मिरच्या धुवायला गेला. त्यानं सांगितलेलं शब्दाला शब्द लिहिलंय, वहिनी. मापापेक्षा थोडं जास्तच आहे, शेवटचं ‘दे’ तू उसवून टाक, उरेल तेच त्याला म्हणायचं होतं.