राखीवरून रुसलेल्या दादास

चेरीताल, जबलपूर
श्रावण वद्य षष्ठी, सन १९४३

ती. पुंडलिकदादास धाकट्या सत्यवतीचा दंडवत. आम्ही सारे धड आहोत. तुम्ही कसे आहा ते तू कळवणार नाहीस, कारण तू रुसला आहेस. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तेल लाव म्हणावं, आणि तुझ्यापुढे उठबस कमी कर म्हणावं.

तू न जेवता गाडीत बसलास. लढाईच्या दिवसांत मी कुठून कुठून नारळ मिळवला होता! तो नारळीभात मग ह्यांनी दोन्ही वेळ खाल्ला आणि फॅक्टरीत डबल पाळीवर पेंगले. लढाई हरली तर ती तुझ्यामुळे.

तू म्हणशील, भाचा माजला. माजला नाही बाप्पा, जबलपूरचा झाला. तूच ना ह्यांना म्हणाला होतास, तोफगाड्यांच्या फॅक्टरीत पगार पक्का आहे, जा म्हणून? आलो. मला वाटलं, घरात ज्वारीची भाकर राहील नि वऱ्हाडी बोलणं राहील, म्हणजे झालं. पण पोरं काय चुलीपाशी वाढतात? ती गल्लीत वाढतात. श्रीरंग मला अम्मा म्हणतो. जया भांडते मराठीत आणि रडते हिंदीत. मीसुद्धा समोरच्या ठाकूरणीपुढे डोक्यावर पदर ओढायला लागली आहे (सख्ख्या सासूपुढे कधी एवढा ओढला नाही).

हेमलतेला घेऊन स्टेशनावर उतरलास तेव्हा तू आशीर्वादाचा हात वर करून उभा राहिलास, आणि श्रीरंगही तसाच ताठ उभा. वाकायचं कोणी? दादा, इथे मामाच भाच्याच्या पाया पडतो. भाचा म्हणजे इथे देव. म्हणून तर तो नथ्थू टांगेवाला ओरडला, "मामाजी, भांजे के पाँव नहीं पडोगे? पाप लगेगा!" तू लालबुंद झालास. हे मी आधी लिहायला हवं होतं, पण लिहिलं असतं तर तू आलाच नसतास.

मग संध्याकाळी तू लग्नाचा विषय काढलास. मामाची मुलगी करण्यात आपल्याकडे काय नवल? तुझी हेमलता पाळण्यात होती तेव्हापासून मी तिला सूनबाई म्हणून राहिली. पण श्रीरंगाच्या घशात चहा अडकला. "अम्मा, मामा की लडकी तो बहन होती है! मोहल्ले में मुँह कैसे दिखाऊंगा?" मी म्हटलं, काहून? तुझ्या आजोबानं मामाचीच मुलगी केली होती. (दोघं जन्मभर भांडले, ते मी सांगितलं नाही.) तू म्हणालास, बस, उद्या सकाळी साखरपुडा.

सकाळी होती राखीपुनव. श्रीरंग पाटावर बसला, तोंड एरंडेल प्याल्यासारखं. हेमलता ताट घेऊन आली, आणि ताटात अंगठी असायची तिथे राखी. तिनं बांधली. तो तिच्या पाया पडला (इथे भाऊ बहिणीच्याही पाया पडतो, तुझ्याच पाया पडायचं तेवढं राहिलं) आणि तू छत्री उचललीस. जाताना त्याला काय काय बोललास ते मी लिहीत नाही, हे पत्र वहिनी वाचेल.

तर आता राग सोड. दिलेला शब्द आम्ही मोडणार नाही. मी श्रीरंगाला रोज समजावून राहिली. आज ना उद्या येईल ताळ्यावर. तू दिवाळीनंतरचा मुहूर्त पाहून ठेव. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी
सत्यवती

ता.क. वरचं शेवटचं खोटं आहे. हे शेजारी बसून वाचत होते म्हणून लिहिलं, शब्द त्यांचाही होता ना. आता ते पाळीवर गेले. लग्न होणार नाही. मी समजावत नाही आणि समजावणारही नाही.

आणखी ता.क. राखी श्रीरंगानं आणली नव्हती, उगाच त्याला शिव्या दिल्यास. आदल्या रात्री तू घोरत होतास तेव्हा हेमलता चुलीपाशी येऊन म्हणाली, आत्या, इथे राखी बांधली की मग लग्न होतच नाही, खरं काय? म्हटलं, खरं. म्हणे, मग मिळते कुठे? आम्हाला इथलं शिकायला अर्धा जन्म गेला, तुझी पोरगी एका दिवसात शिकली. काहून म्हणून विचारलं, तर म्हणे, मला पुढे शिकायचं आहे, बाबा ऐकत नाहीत. रडली नाही. कणीक मळत होती, ती मात्र फार सैल झाली.

शेवटचं. तिला माझ्याकडे पाठव. तुमच्या गावची शाळा सातवीत संपली, इथे मुलींची मॅट्रिकपर्यंत आहे. होणारी सून म्हणून ठेवली असती तर लोकांनी तोंड सोडलं असतं. आता बहीण भावाच्या घरी राहिली तर कोण काय बोलणार? मला बाबांनी दुसरीतून उठवलं तेव्हा तू दारात उभा होतास. हे पत्र लिहायला मला पुनवेपासून आजचा दिवस लागला. सातवीचा दाखला तिच्या हाती दे. अंथरूण देऊ नको, इथे आहे.