प्रीतीसाठी ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह

३ नोव्हेंबर, सकाळी ७
निर्णय पक्का. गाडीला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवायचा. टर्बोची गाडी घेऊन वर्ष झालं, पण वडीगोद्रीत कुणाला पत्ता न्हाई की ही टर्बो आहे. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की दाबलेली हवा कंपनीचा व्हॉल्व्ह गुपचूप परत आत फिरवतो. बाहेरचा बसवला की तीच हवा 'पुस्स' करून बाहेर. सगळ्या हायवेला कळतं.
हे माझ्यासाठी न्हाई, प्रीतीसाठी. लग्नानंतर जालन्याला एका गाडीचा असा आवाज ऐकून ती म्हणाली होती, अहो, गाडी शिंकली! चौकातच पोट धरून हसली होती.
प्रीती सध्या टेंभुर्णीला खोली घेऊन राहते. ती शिकवते ती शाळा तिथं. रोजचं जाणं-येणं झेपत न्हाई, एवढंच कारण. आई म्हणते, दुसरं कारण आहे. आईला कशातबी दुसरं कारण दिसतं.

५ नोव्हेंबर
इजहारभाईच्या गॅरेजवर गेल्तो. त्यांनी बॉनेट उघडून पाह्यलं आणि म्हणाले, मिथुनभाऊ, बिलकुल नका बसवू. तुमच्या गाडीत हवा मोजायचा सेन्सर हाये. मोजलेली हवा बाहेर फेकली तर गाडीला कळत न्हाई. ती गेलेल्या हवेचंबी पेट्रोल टाकत राह्यती. मंग काळा धूर, मंग बंद.
इजहारभाई हाताचे चांगले, पण विचार जुने. मी रात्रंदिवस व्हिडिओ पाहून राह्यलो, त्यांनी एकबी पाह्यला न्हाई. निळ्या रंगाचा ऑर्डर केला. प्रीतीला निळा आवडतो. का हिरवा? निळाच.

८ नोव्हेंबर, दुपारी
पार्सल आलं. माझ्या दुकानातल्या मोबाइल कव्हरांमध्ये ठेवला, तरी उठून दिसतो.
प्रीतीचा फोन. उद्या जालन्याला डॉक्टरबाईंनी दोघांना बोलावलंय, नुसतं बोलायला. येता का म्हणाली. मी सांगितलं, उद्याच तर व्हॉल्व्हचं काम काढलंय. पुढच्या वेळी नक्की. ती म्हणाली, बरं.
'बरं' म्हणाली म्हणजे समजून घेतलं. आमचं असं आहे, जास्त बोलावं लागत न्हाई.
आणि बोलायचं तरी काय? ऑगस्टमध्ये सहाव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, पुढं होईल. मी त्याच दिवशी ठरवलं, पुढं बघायचं. एकदा ठरवलं की मी मागं बघत न्हाई. घरात त्यावर कुणी बोलायचं न्हाई, असंबी मीच सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं.

९ नोव्हेंबर, रविवार
बसला! इजहारभाई नको नको म्हणत होते, पण मी पाना हातात घेतल्यावर त्यांना राहवलं न्हाई. जुना काढला, नवा बसवला, क्लिप आवळल्या, बारीक नळी इंजिनाला जोडली. पुस्स! काय आवाज! टपरीवरचे चारजण उठून आले.
उभी असताना गाडी तीनदा बंद पडली. नव्या पार्टला सेट व्हायला वेळ लागतोच. इजहारभाईंनी जुना व्हॉल्व्ह फडक्यात बांधून माझ्या डिक्कीत ठेवला.

१४ नोव्हेंबर
अंबडला चौकात दोनदा बंद. धूर. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं माझ्या खानदानाची चौकशी केली.
उपाय सापडला: गाडी थांबवायचीच न्हाई. थांबवली तर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबून ठेवायचा.
प्रीती डॉक्टरबाईंकडं एकटी जाऊन आली. चांगलंय. एकटीनं करायची सवय पाह्यजे.

२२ नोव्हेंबर
डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागून राह्यला. त्यावर काळी टेप लावली.
उद्या टेंभुर्णी. प्रीतीला फोन करून सांगितलं, तुला काहीतरी ऐकवायचंय. ती म्हणाली, खरंच? या. मी वाट बघते.
तीन महिन्यांत पहिल्यांदा 'वाट बघते' म्हणाली. आईला सांगितलं, महिन्याभरात सून घरी. आईनं पदरानं तोंड पुसलं.

२३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी
बसनं आलो. गाडी तिकडंच. लिहायला जमत न्हाई.

२४ नोव्हेंबर
दुकान बंद ठेवलं. लिहून काढतो.
काल प्रीती दारातच उभी होती. ती ज्यांच्याकडं राहते त्या सगुणाबाईंनी जय भीम केला, पाणी दिलं. प्रीती गाडीत बसली आणि म्हणाली, बोला. मी म्हणालो, थांब, आधी मोकळा रस्ता येऊ दे. तिनं ओढणी नीट केली, हात मांडीवर ठेवले. कुणी महत्त्वाचं बोलणार असलं की बसतात तशी.
जाफराबाद रोडला गाडी दाबली आणि पाय सोडला. पुस्स. तिच्याकडं पाह्यलं. ती माझ्याकडंच बघत होती. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा गाडी धूर सोडून बंद पडली, कापसाच्या शेताजवळ. वेचणीच्या बाया उभ्या राहून बघाय लागल्या.
प्रीती म्हणाली, हे ऐकवायचं होतं?
मी सेन्सरचं सांगाय लागलो. ती मधेच म्हणाली, मुलगी होती. तुम्हाला माहीत आहे का?
मला माहीत नव्हतं.
ती म्हणाली, सिस्टरनं मला मांडीवर दिली. नाक तुमच्यासारखं होतं. तुम्हाला बोलवायला पाठवलं, तर तुम्ही गाडी सावलीत लावायला गेल्ते. आले न्हाईत. मी वाट बघितली, मंगच त्यांना नेऊ दिलं.
मी म्हणालो, मला वाटलं, तुला त्रास होईल. ती म्हणाली, मला झाला. तुम्हाला झाला का, तेवढंच बघायचं होतं.
रडली न्हाई. बदलीचा अर्ज आता वडीगोद्रीकडचा करणार न्हाई म्हणाली. उतरली. दार हळू लावलं आणि टेंभुर्णीकडं पायी निघाली. मी चावी फिरवत राह्यलो. चालू झाली न्हाई. झाली असती तरी काय करणार होतो, माहीत न्हाई.

आज सकाळी आईला सांगितलं, मुलगी होती. आई म्हणाली, हो बाबा. तिला माहीत होतं. तातेराव मामाला माहीत होतं. त्या दोघांनीच बाळाला आपल्या शेतात मातीत ठेवलं होतं. आई म्हणाली, तूच म्हणालास, बोलायचं न्हाई, म्हणून न्हाई बोललो.
कुठं, म्हणून विचारलं. आई चप्पल घालून पुढं निघाली.
विहिरीच्या अलीकडं, बांधाला एक दगड आहे. दोन मुठींएवढा. आईनं भोवतीचं गवत काढून ठेवलेलं.
मी रोज मोटर चालू करायला तिथूनच जातो.