उजवं पाऊल

मानोरा, फेब्रुवारी १९७४. गुरुवार, संध्याकाळ.

मालेगावचे पाहुणे मला पाहून गेले. चालून दाखवायला लावलंच. माझं उजवं पाऊल बाहेर वळतं, त्यानं कंबर एका बाजूला झुकते. म्हणून आई महिनाभर मागे लागलेली, "अंगठा समोर ठेव वं, गुडघा न् कंबर आपोआप सरळ राह्यते." तशीच चालले. कंबरेत कळ आली, कुणाला दिसली असेल का?

जाताना मुलाच्या आई हात धुवायला अनवाणीच अंगणात उतरल्या. आता कलत्या उन्हात ओल्या सारवणावर त्यांची पावलं दिसताहेत. उजवं बाहेर वळलेलं, अगदी माझ्यासारखं.

"काहून हसून राह्यली?" आईनं विचारलं.

त्यांनाही त्यांच्या वेळी असंच चालायला लावलं असेल?

उद्या अंगण सारवताना तेवढं त्यांचं उजवं पाऊल सोडून सारवीन.