दारापर्यंत चालून दाखवा

प्रिय मावशी,

देश सोडून आलो त्या आठवड्यात तुम्ही मला नव्याने आलेल्यांना मदत करणाऱ्या तुमच्या संस्थेतले बूट दिलेत. "बसतात ना गं?" विचारलंत. मी मान डोलावली. खरं तर बोटं दुमडून घातले होते. फुकट मिळालेल्यात खोट कशी काढायची?

आता दर शनिवारी त्याच संस्थेत, तुम्ही बसायचात त्याच टेबलाशी मी बूट वाटते. नियम एकच: आधी दारापर्यंत चालून दाखवायचं. आज नुकतीच आलेली एक बाई लंगडत गेली आणि हसून म्हणाली, "छान बसतात." मी म्हटलं, "ताई, खाली बसा. दुसरे काढते." ती बसली आणि बूट काढून बोटं चोळू लागली.

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही मनाला लावून घ्याल. ते बूट जपून ठेवलेत, मावशी. लेकीला आता अगदी बरोबर बसतात.

तुमची,
खोटं बोललेली भाची