खाडीपलीकडचं स्थळ

वसई,
ता. २२ ऑक्टोबर १९५३

चि. हरिश्चंद्र यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नाशिकला थंडी पडायला लागली असेल, छाती सांभाळ. इकडे आम्ही बरी आहोत. केळीचे घड उतरवणं चाललंय, पानवेलीला यंदा कीड कमी.

तू सुचवलेलं चौकचं स्थळ परवा पाहून आलो. गुरुदत्त, मी आणि जाऊबाई. वसईच्या बंदरातून शिडाच्या होडीने चौक अगदी जवळ, पण मला होडीची धास्ती, म्हणून तुझ्या भाच्याने लांबची वाट काढली. बोरिवलीपर्यंत आगगाडी, तिथून टॅक्सीने खाडीवर. तिथे खाडी अरुंद, तेवढं पाणी मी डोळे मिटून ओलांडलं. गोराईला उतरल्यावर घोडागाडी. हरी, काय रस्ता रे तो! एका अंगाला समुद्र, एका अंगाला माड आणि कापणीला आलेला भात. उत्तनला जिकडे बघावं तिकडे बोंबील वाळत घातलेले. जाऊबाई नाकाला पदर लावून बसल्या आणि मी पन्नाशीची बाई मान बाहेर काढून पोरीसारखी बघत होते. डोंगरीच्या चढावर गुरुदत्त खाली उतरला आणि घोड्याबरोबर गुणगुणत चालायला लागला. मुलीच्या फोटोवरच स्वारी खूश होती.

हे सगळं इतकं लांबवून का लिहिते आहे, ते माझं मला कळतंय. हात पुढे सरकत नाही.

मुलगी गुणी आहे. प्रेमलता तिचं नाव. सातवी पास, बोलणं गोड. वडील काशिनाथ तीन वर्षांपूर्वी वारले, मामाने, शत्रुघ्नने, सांभाळलं. कुंकू लावायला जाऊबाई पुढे झाल्या. माझ्यासारखीने शुभकार्यात पुढे यायचं नसतं, म्हणून मी आतल्या खोलीत जाऊन बसले. मुलीची आई सावित्री त्याच कारणाने आधीच तिथे बसलेली. तिने मला पाणी दिलं.

"तुमच्या पोराची चाल वळखीची वाटते," म्हणाली.

खिडकीबाहेर खाडी होती आणि पलीकडे आपला किल्ला. मला हसूच फुटलं. दिवसभर वळसा घालून आपण आपल्याच गावासमोर येऊन बसलो होतो! मी म्हटलं, "अहो, इथेच तर आमचे हे पानं विकायला यायचे. दर पंधरवड्याला दोन रात्री राहायचे."

ती माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे बघत राहिली. मी वळले.

फोटोला ताजा हार होता. हरी, ते हे होते. तोच कोट, तीच खुर्ची, आपल्या ओटीवर आहे तोच फोटो.

"हे कोण?" मी विचारलं.

"प्रेमाचे बाबा," ती म्हणाली. मग हळूच, "तुमचे कोन?"

माझा हात आपोआप रिकाम्या कपाळाकडे गेला. तिला कळलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"मला सांगितलं व्हतं, सफाल्याचा काशिनाथ, मागं कोन नाय. गेल्याचं पन होडीवाल्याकडून कललं. देवलात माल घातली हो मला. मी ठेवलेली नाय."

नाव खोटं, गाव खोटं. मी तिला शिव्या द्यायला हव्या होत्या. पण मला आठवत होतं ते एवढंच, की मी कधी यायचं म्हटलं तर हे म्हणायचे, "पलीकडचा समुद्र तुला सोसायचा नाही." आणि मला वाटायचं, किती जपतात!

तेवढ्यात बाहेर हशा झाला. जाऊबाईंनी दारातून हाक दिली, "अनसूया, मुलगी पसंत आहे हो गुरुदत्तला!" शत्रुघ्न साखर वाटत होता. भिंतीच्या एका बाजूला आम्ही दोघी आणि दुसऱ्या बाजूला माझा मुलगा आपल्या बहिणीला होकार देत होता. सावित्रीने माझा हात धरला. "पोरीला काय सांगू?" म्हणाली. निघताना ती मुलगी माझ्या पाया पडली. माझ्या तोंडून आशीर्वाद निघाला नाही आणि सगळ्यांना वाटलं, आई गहिवरली.

येताना रस्ता कसा होता, मला विचारू नकोस.

रविवारी साखरपुडा ठरला आहे. गुरुदत्त अंगठीचं माप घेऊन सोनाराकडे गेला आहे, त्याचं शिट्टी वाजवणं मला ऐकवत नाही. जाऊबाईंना अजून काही माहीत नाही. हे पत्र हाती पडताच निघून ये. पत्रिका जमत नाही असलं काही सांगू नकोस. नकार आला म्हणजे लोक मुलीलाच नाव ठेवतात, आणि तिने काय केलंय? मुलाला खरं सांग. मी आई, मला ते तोंडाने बोलवणार नाही. तो तुझ्यावर धावून येईल, मला खोटं पाडील, ते सोस. आणि 'मग ती माझी कोण?' असं त्याने विचारलं, तर चाचरू नकोस. बहीण म्हण.

तीन वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा मी तेरा दिवस अन्नाला शिवले नव्हते. तूच मला घास भरवला होतास. ते रडणं आज परत घ्यावंसं वाटतंय रे, आणि घेता येत नाही. कपाळ मात्र त्यांच्याच नावाने रिकामं ठेवायचं, मीही आणि तिनेही.

तुझी,
ताई